दुसरा दाखला

राज्याच्या शिक्षण मंडळाचं पत्र शनिवारी आलं. रविवारी दुपारपर्यंत शरयूने ते कोणाला दाखवलं नाही. चारच ओळींचं होतं. राज्याची पुनर्रचना होत असल्यामुळे मंडळाच्या सगळ्या शिष्यवृत्त्या तूर्त स्थगित. एक नोव्हेंबरनंतर मंडळ कायम राहिल्यास अर्ज नव्याने करावा. 'कायम राहिल्यास' एवढेच शब्द तिच्या डोक्यात फिरत राहिले. मुंबईला तिच्या प्राध्यापकांनी संशोधनाची जागा पंधरा नोव्हेंबरपर्यंतच राखून ठेवली होती.

एकोणीसशे छप्पन्नचा दसरा होऊन आठवडा झाला होता. मध्यभारत राज्य आणखी दहा दिवसांनी नव्या मध्यप्रदेशात मिसळून संपणार होतं आणि ग्वाल्हेरात कोणाचंच काही ठरलेलं नव्हतं. इंदरगंजात कचेऱ्यांपुढे ट्रक उभे असत. लाल फडक्यात बांधलेली दप्तरं त्यांवर चढत. कोण भोपाळला, कोण इंदूरला, कोण इथेच, एवढंच बोलणं पानाच्या टपरीपासून देवळापर्यंत चाले.

जेवणं झाल्यावर ती बाहेरच्या खोलीत आली. तिचे वडील, आबा, आरामखुर्चीत सुपारी कातरत होते. रघुनाथराव पागनीस महसूल खात्यातून निवृत्त झाले त्याला अकरा वर्षं झाली होती, तरी घरात अजून त्यांच्याच सहीने सगळं चाले. त्यांची थोरली बहीण मंदाताई खिडकीशी तांदूळ निवडत होती. विसाव्या वर्षी नवरा गेला तेव्हा ती परत आली, ती कायमची. शरयूचा थोरला भाऊ विश्वासराव वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरून बसला होता. सचिवालयातल्या त्याच्या शाखेला भोपाळचा हुकूम आला होता.

"आबा," शरयू म्हणाली, "शिष्यवृत्ती गेली. मला विद्यानिधीतून दोन वर्षांचा खर्च हवा आहे."

विद्यानिधी म्हणजे तिच्या आजोबांनी, महिपतरावांनी, बाजूला काढून ठेवलेली रक्कम. पागनिसांच्या मुलांच्या कल्याणासाठी. विश्वासराव त्यातूनच शिकला होता.

"एम. ए. तर झालीस," मंदाताई म्हणाली. "आता दोन वर्षं आणखी काय करणार?"

"आत्या, काही मुलांना ऐकू येतं, दिसतं, पण ती माणसांकडे येतच नाहीत. आपल्या आपल्यात असतात. मतलब, आपण हाक मारली तरी त्यांच्यापर्यंत पोचत नाही. अमेरिकेत तेरा वर्षांपूर्वी एका डॉक्टरने अशा अकरा मुलांवर लिहिलं. ऑटिझम म्हणतात. आपल्याकडे त्यावर काही कामच नाही. इथे अशी मुलं नाहीत असं थोडंच आहे? आपण वेडं म्हणतो आणि बस, संपलं."

मागच्या अंगणाकडे कोणी पाहिलं नाही. कोणीच पाहिलं नाही म्हणून सगळ्यांच्या मनात काय आहे ते कळलं. तिथे विश्वासरावाची सात वर्षांची दुर्गा रिठ्यांची रांग लावत बसली होती. तिच्या घशातून एकच सूर सकाळपासून चालू होता.

"निधी मोकळा नाही," विश्वासराव वर्तमानपत्राआडून म्हणाला.

"म्हणजे?"

"आबांशी माझं बोलणं झालंय."

शरयूने वडिलांकडे पाहिलं. अडकित्ता थांबला होता. रघुनाथराव मान वर करीनात.

"कशासाठी, दादा?"

विश्वासरावाने वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं. त्याने बोलण्याची तयारी केलेली होती हे शरयूला दिसत होतं.

"दुर्गासाठी. अशा मुलांना ठेवून घेणारं एक इस्पितळ आहे, परगावी. दर महिन्याला पैसे भरावे लागतात. कोर्टाचा हुकूम लागतो, दोन डॉक्टरांचे दाखले लागतात. एक मिळालाय. दुसऱ्यासाठी आज चार वाजता डॉक्टर माथुर घरी येताहेत. एक तारखेच्या आत सगळं व्हायला हवं. त्यानंतर कोणतं कोर्ट, कोणता अधिकारी, काही सांगता येत नाही."

दारात भांडं पडलं. दुर्गाची आई, सरोजिनी, चहाचा ट्रे घेऊन आली होती. कप फुटले नाहीत. दुधाची वाटी तेवढी घरंगळत खुर्चीखाली गेली. तिने ट्रे खाली ठेवला, वाटीकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि आली तशी मागे गेली. अंगणात रिठे विखुरल्याचा आवाज आला, दुर्गाची किंकाळी आली, मग खोलीचं दार आपटलं आणि कडी लागली.

घड्याळात सव्वातीन झाले होते.

*

कडी लावल्यावर सरोजिनीला कळेना की आता पुढे काय. खोलीला एकच दार होतं. खिडकीला गज होते.

दुर्गा कोपऱ्यात उकिडवी बसून ओरडत होती. रांग मोडली होती. सरोजिनीने ओच्यात उचलून आणलेले सात-आठ रिठे तिच्यापुढे ठेवले आणि मागे सरकली. हात लावला असता तर ओरडणं वाढलं असतं. एवढं तिला माहीत होतं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. हळूहळू किंकाळीचा सूर उतरला. दुर्गाने रिठे ओळीत ठेवले. ओळ नेहमीपेक्षा आखूड होती, म्हणून ती पुन्हा पुन्हा मोजल्यासारखी बोटं फिरवू लागली.

"वहिनी, मी आहे," दाराबाहेर शरयू होती. "एकटीच आहे. दार उघड."

"तुला ठाऊक होतं?"

"देवाशपथ नव्हतं."

सरोजिनीने दाराला पाठ लावली. "तुझ्या वहीत काय लिहितेस तू तिच्याबद्दल? उन्हाळ्यापासून लिहून राहिली आहेस. मी पाहिलंय."

बाहेर शरयू दाराशी खाली बसली.

"कशी खेळते, केव्हा रडते, कोणते शब्द बोलते. अभ्यासासाठी."

"मला विचारलंस?"

"नाही."

"हे तिला कोर्टाच्या कागदावर घालताहेत. तू तुझ्या कागदावर घालणार. फरक काय? उद्या सगळ्या मुंबईला कळेल, पागनिसांची मुलगी अशी आहे. मग आणखी कोणीतरी येईल, बघायला, टोचायला."

"फरक आहे," शरयू म्हणाली, पण तिचा आवाज ठाम नव्हता. तिला पहिल्यांदाच वाटलं की फरक आहे का, हे तिने स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. जी चार पानं प्राध्यापकांना आवडली होती, ज्यांवर तिला जागा मिळाली होती, ती याच बंद दाराआडच्या मुलीची होती. "वहिनी, तू नाही म्हटलंस तर मी ती पानं फाडीन. आत्ता. जागा गेली तरी."

सरोजिनी खिडकीशी गेली. रस्त्यावर टांगा थांबल्याचा आवाज आला होता. ती कानोसा घेत राहिली. टांगा पुढे गेला.

*

बाहेरच्या खोलीत विश्वासराव येरझाऱ्या घालत होता.

"आबा, मी राक्षस नाही. मागच्या महिन्यात फूलबागेपाशी ती माझा हात सोडून पळाली ते तुम्ही पाहिलं नाहीत. लॉरी एवढ्यावर होती. एवढ्यावर!" त्याने वीतभर हात दाखवला. "भोपाळला एका भिंतीला दुसरं घर. नागपूरचे लोक असतील, जबलपूरचे असतील. कोणाला मी ओळखत नाही. ज्येष्ठतेची यादी नव्याने लागणार. रात्रंदिवस ही ओरडणार. आणि ते सगळं जाऊ द्या. मी आणि सरोजिनी गेल्यावर हिचं कोण? विचार केलाय कोणी? मी रोज करतो."

"केलाय," मंदाताई म्हणाली. "तुझ्या आधी एकाने केला होता. सांग ना रे रघू. सांग त्याला मल्हारचं."

रघुनाथराव फिकट पडले. "ताई, नको."

"अठ्ठेचाळीस वर्षं नको म्हणतोयस."

विश्वासराव थांबला. मल्हारराव हे आबांच्या धाकट्या भावाचं नाव त्याने ऐकलं होतं. श्राद्धाच्या दिवशी नावं घेताना येणारं एक नाव. प्लेगमध्ये गेला, एवढंच.

"प्लेगमध्ये नाही गेला," मंदाताई म्हणाली. "तो दुर्गासारखा होता. अकरा वर्षांचा झाला तरी कोणाच्या डोळ्याला डोळा देत नसे. पागेतले हरभरे घेऊन ओळी लावायचा. वडिलांना दरबारात बढती मिळणार होती. लोक बोलतील म्हणून त्याला परगावी इस्पितळात ठेवला. मी त्याला कपडे घालून दिले. माझ्याच हाताने. मला वाटलं चार दिवसांनी येईल."

"पैसे मी पाठवायचो," रघुनाथराव एकदम म्हणाले. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. "मी अठरा वर्षांचा होतो. वडिलांनी निधीतून महिन्याची मनिऑर्डर करायचं काम मला दिलं होतं. दर महिन्याला पोचपावती यायची. सही व्हायची. मी ती फाइलला लावायचो. दोन वर्षांनी आमचा एक ओळखीचा माणूस त्या गावी गेला, सहज चौकशी केली. मल्हार जाऊन अकरा महिने झाले होते. कशाने गेला, कुठे जाळला, काही नाही. अकरा महिने मी पैसे पाठवत होतो आणि पोचल्याची सही येत होती."

रघुनाथरावांनी अडकित्ता खाली ठेवला.

"आपल्यापैकी एकही जण कधी बघायला गेला नाही, विश्वास. पोचपावती येत होती ना, म्हणून."

विश्वासरावाच्या कपाळावर घाम आला होता. त्याने रुमालाने तो पुसला. "ते एकोणीसशे आठ साल होतं," तो म्हणाला. "तेव्हाचं वेगळं. आता सरकार आहे, कायदा आहे."

आणि दारात टांगा थांबला.

*

डॉक्टर माथुर वयस्क, सभ्य गृहस्थ होते. रविवारी त्रास दिल्याबद्दल विश्वासरावाने क्षमा मागितली तेव्हा ते म्हणाले, "अरे नहीं साहब, बच्ची की बात है।" दार बंद का आहे हे त्यांनी विचारलं नाही. अशी दारं त्यांनी पाहिली असावीत.

"सरोजिनी, दार उघड," विश्वासराव म्हणाला. मग आवाज चढवून म्हणाला. मग शेजारी ऐकतील म्हणून खाली आणला.

रघुनाथराव उठून दारापाशी आले. ते सुनेशी फारसं बोलत नसत. "सूनबाई," ते म्हणाले, "दार फोडायला मी कोणाला देणार नाही. पण डॉक्टर न बघताच लिहितील, त्यापेक्षा बघून लिहू देत. तुम्ही तिच्याजवळच बसा. मी दारात उभा राहतो."

बऱ्याच वेळाने कडी निघाली.

डॉक्टर दुर्गापासून हातभर अंतरावर खुर्ची घेऊन बसले. "बेटी, तुम्हारा नाम क्या है?"

"बेटी, तुम्हारा नाम क्या है," दुर्गा म्हणाली. त्याच आवाजात, त्याच हेलात, अगदी त्यांच्याच थकलेल्या प्रेमळपणाने. त्यांच्याकडे न बघता.

"ये कौन हैं? माँ हैं?"

"माँ हैं."

त्यांनी टाळी वाजवली, किल्ल्या हलवल्या, नाडी बघायला मनगट धरलं. मनगट धरताच ती ओरडायला लागली आणि स्वतःचा हात चावू लागली. सरोजिनीने आपला हात मध्ये घातला. चावा तिच्या तळहातावर बसला. तिने हात काढून घेतला नाही.

"डॉक्टरसाहेब," ती मोडक्या हिंदीत घाईघाईने सांगू लागली, "ये सब समझती है। पाऊस येण्याच्या आधी इसको मालूम पडता है। एक बार सुना हुआ भजन पूरा गाती है। भूख लगी तो मेरा हाथ पकड़के डिब्बे पे रखती है। मेरा ही, और किसी का नहीं। ये भी लिखिए ना।"

डॉक्टरांनी पेन उघडलं होतं. "बहनजी, इस फ़ॉर्म में उसकी जगह नहीं है," ते म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं हे शरयूला दिसलं, आणि त्याचीच तिला भीती वाटली. वाईट माणूस असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं. "मुझे जो दिखा, वही लिख सकता हूँ।"

त्यांनी सहा ओळी लिहिल्या, सही केली आणि कागद विश्वासरावाला दिला. चहा न घेताच ते गेले.

विश्वासरावाने कागद वाचला, घडी केला, खिशात घातला. सरोजिनी त्या खिशाकडे बघत होती.

"निधीतून एक पैसा मिळणार नाही," रघुनाथराव म्हणाले. "काल मी हो म्हटलं, ते भीतीने म्हटलं. तू भोपाळला गेलास की या पोरीला घेऊन आम्ही म्हातारे काय करणार, या भीतीने. आज नाही म्हणतो. शरयूला जाऊ दे."

"मी पगारातून भरीन."

"भर. तुझी मुलगी आहे. पण आधी माझ्याबरोबर ते ठिकाण बघायला चल. मी तेव्हा गेलो नाही. आता जायचं आहे."

*

सोमवारी सकाळी विश्वासरावाने अर्ज आणि दोन्ही दाखले कोर्टात दिले. बुधवारी तो आणि आबा ते इस्पितळ बघायला गाडीत बसले.

त्या तीन दिवसांत सरोजिनी झोपली नाही म्हटलं तरी चालेल. पाटणकर बाजारात भाजीला जायचं तिने सोडून दिलं. रस्त्यावर खाकी कपडे दिसले की ती दुर्गाला आतल्या खोलीत नेई. दुपारी मंदाताई तिच्याजवळ येऊन बसे आणि मल्हारचं सांगे. जेवढं आठवत होतं तेवढं. तो पाण्याची धार बघत तासन्तास उभा राही. त्याला लोकरीचं आंगडं चालत नसे. कोणी गायलं की कान झाकी आणि नंतर तेच गाणं एकटाच म्हणे.

"शरयूला बोलवा, आत्याबाई," बुधवारी सरोजिनी म्हणाली. "हे तिला सांगा."

शरयू वही न घेताच आली.

"वही आण," सरोजिनी म्हणाली. "आणि दुर्गाचं मी सांगते, तसं लिही. तू बाहेरून बघून लिहिलंयस. कपडे बदलताना का रडते ते तुला ठाऊक नाही. मला आहे. मी सात वर्षं दुसरं काही केलेलंच नाही. फक्त नाव घालू नकोस. गावसुद्धा नको."

"नाही घालणार."

"आणि तिकडे कोणी विचारलं, अशा मुलीला कुठे ठेवावं, तर काय सांगशील?"

"मला माहीत नाही, वहिनी. कोणालाच माहीत नाही अजून. तेच शोधायला जातेय."

सरोजिनीने मान हलवली. खोटा धीर दिला असता तर तिने वही परत मिटायला लावली असती.

शुक्रवारी संध्याकाळी दोघे परत आले. रघुनाथराव सरळ न्हाणीघरात गेले आणि बराच वेळ पाणी ओतत राहिले. काय पाहिलं ते त्यांनी कोणालाही सांगितलं नाही. मंदाताईने एवढंच विचारलं, "मल्हारचं काही सापडलं?" ते म्हणाले, "रजिस्टरात नाव सापडलं. स्पेलिंग चुकीचं होतं."

विश्वासराव जेवला नाही. दुर्गा अंगणात होती. तो तिच्यापासून चार हातांवर पायरीवर जाऊन बसला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. तोही नुसता बसून राहिला. त्याला सारखी एक जागा दिसत होती: लांब खोली, दोन्ही बाजूंना लोखंडी खाटा, आणि एका खाटेवर दुर्गाएवढीच मुलगी, जी त्याला बघून ओरडली नाही, हलली नाही, जिने काहीच केलं नाही. "यहाँ आकर शांत हो जाते हैं," बरोबरचा माणूस कौतुकाने म्हणाला होता.

शनिवारी दहाच्या ठोक्याला तो कोर्टात हजर झाला. अर्ज मागे घ्यायचा आहे, असं लिहून नेलं होतं. बाराला एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला, दोनला तिसऱ्या. ज्या साहेबांपुढे अर्ज होता त्यांची बदली झाली होती. त्यांच्या कचेरीतली दप्तरं शुक्रवारी बांधली गेली होती. काही ट्रक इंदूरला गेले होते, काही भोपाळला, काही गाठोडी व्हरांड्यात पडून होती, त्यांवर फक्त आकडे होते.

"मिल जाएगी, साहब," कारकून म्हणाला. "एक तारीख के बाद देखिए।"

"हुकूम झालाय का, एवढं तरी सांगा."

"वो तो फ़ाइल देखे बिना कैसे बताएँ?"

तो स्वतः सरकारी अधिकारी होता. बांधलेल्या दप्तरातला कागद मरत नाही हे त्याला ठाऊक होतं. वर्षाने, दोन वर्षांनी, कोणीतरी गाठ सोडतो, कागद वाचतो, आणि त्यावर लिहिलेलं करायला माणूस पाठवतो. ज्या कागदावर बापाचीच सही आहे, त्यावर शंका घेतो कोण?

घरी आल्यावर तो स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिला. सरोजिनी कणीक मळत होती. तळहातावरच्या जखमेला तिने चिंधी बांधली होती.

"अर्ज मागे घ्यायला गेलो होतो," तो म्हणाला. "कागद सापडत नाही."

तिचे हात थांबले.

"कोणाकडे आहे?"

"माहीत नाही. भोपाळला असेल. इंदूरला असेल. शोधीन मी. रोज शोधीन. पण सापडेपर्यंत तो कागद घेऊन कोणीही दारात उभा राहू शकतो." तो दाराच्या चौकटीला धरून खाली बसला. लग्नाला सोळा वर्षं झाली होती. तो असा जमिनीवर बसलेला तिने कधी पाहिला नव्हता. "सरोजिनी, मला भीती वाटतेय."

तिला त्याचा राग आला नाही असं नाही. पुष्कळ आला. हा कागद याच्याच हाताने गेला होता, आणि हे ती मरेपर्यंत विसरणार नव्हती. पण आठवडाभर जी भीती ती एकटी घेऊन फिरत होती, तीच आता समोर दुसऱ्या माणसाच्या तोंडावर दिसत होती.

तिने परातीवर ताट झाकलं.

"तुम्ही बुधवारी निघणार ना?"

"हो. तुम्ही दोघी मागून या. किंवा नका येऊ. तू म्हणशील तसं."

"येऊ," सरोजिनी म्हणाली. "पण क्वार्टर मिळेल ते घेऊ नका. नीट बघून घ्या."

"कसं हवंय?"

"लहान असलं तरी चालेल," ती म्हणाली. "मागच्या बाजूला दार असलेलं बघा."